दोन कमी

नोव्हेंबरात, जांबोटीच्या शाळेत,
बेचाळीस पोरं, मी, आणि रांधायला दस्तगीरमामा.
वहीत पाच दिवस आखून नेले होते, नेतृत्व घडवायचे.
तिसऱ्या दिवसापुढं शब्द होता जबाबदारी,
खाली दोन रेघा.

पहिल्या सकाळी रांग केली. मोजा म्हटलं.
पोरं थबकली. कुठल्या भाषेत, सर?
ज्याच्या तोंडी येईल त्या.
मग निघाला आकडा: एक, दोन, मूरु, नाल्कु,
पाच, आरु, सात, एंटु...
निट्टूरचा भरमू नऊ म्हणायला आ वासून उभा,
तर शेजारी ओंबत्तु म्हणून मोकळा.
त्या दिवशी आम्ही चार वेळा मोजलो गेलो
आणि चारही वेळा चुकलो.

दुसऱ्या दिवशी मतदान. वहीची पानं फाडून चिठ्ठ्या.
सुदर्शन हलगेकर निवडून आला,
खणखणीत आवाज, हात कमरेवर,
उभं राहणं बहुतेक वडिलांकडून उचललेलं.
अडिवेप्पाला एक मत. बारीक, घाबरट अक्षर.
स्वतःच घातलंय की, म्हणून पोरं हसली.
तो नाही म्हणाला नाही.

तिसऱ्या रात्री साडेतीनला जाग आली.
बॅटरी मारत सतरंज्यांवरची डोकी मोजली.
चाळीस.
पुन्हा, बोट लावून. चाळीस.
मागं मलप्रभा, पुढं रान, रानात अस्वलं,
आणि माझ्या खिशात बेचाळीस घरांचे फोन नंबर.

हापशाकडून पाण्याचा आवाज आला, दबका.
दांड्याला फडकं गुंडाळलेलं, करकर नको म्हणून.
अडिवेप्पा होता. शेजारी त्याच्याच स्वेटरात बुडालेला
कुसमळीचा पुंडलिक, आठवीतला, हुंदके गिळत.
दोघं चादर पिळत होते,
हा एका टोकाला, तो दुसऱ्या.
"मला बी होत होतं, सहावीपर्यंत. साकु, रडू नको.
आज मीच झोपलो बघ.
उद्या परत उठवतो, अडीचला."

ते एक मत कुणाचं, तेव्हा कळलं.
मी बॅटरी विझवली,
चपला हातात घेतल्या
आणि माझ्याच शिबिरात चोरासारखा मागं फिरलो.

सकाळी तारेवर चादर बघून सुदर्शननं विचारलं.
तांब्या सांडला माझा, अडिवेप्पा म्हणाला.
रांग खदखदली. आकडा पुढं गेला.

शेवटच्या दिवशी पंचायतीचे अध्यक्ष आले,
नारळ, हार, खरखरणारा माईक.
उत्कृष्ट नेता, प्रमाणपत्र एकच.
पेनाचं टोपण काढून मी बराच वेळ बसलो.
नाव घातलं की कारण सांगावं लागणार,
आणि कारण माझ्या मालकीचं नव्हतं.
सुदर्शन हलगेकर, लिहिलं.
टाळ्या अडिवेप्पानंच सुरू केल्या.

खानापूरच्या बसमध्ये शेवटची मोजणी.
पुंडलिकाच्या वाट्याला सदतीस आलं.
थांबला, मनात काहीतरी जुळवलं,
मग म्हणाला, मूवत्तेळु.
अडतीस, मागच्या बाकावरून अडिवेप्पा, खिडकीबाहेर बघत.

बेचाळीसवर मी वही मिटली.
तेवढ्यात भरमू ओरडला,
सर, तुम्ही स्वतःला धरलंच नाही.

त्रेचाळीस, म्हटलं मी.
जरा उशिरानं.