लवण

गुडघ्याच्या पाठीमागची खोलगट जागा, ती लवण.
मास्तरांनी शाळेत सांगितलं, लवण म्हणजे मीठ,
तेव्हा मी वहीत वाकलेल्या पायाचं चित्र काढलं होतं
आणि छडी खाल्ली होती.

माझी लवण दिवाळीपासून भरून आली आहे.
लिंबाएवढी गाठ.
उकिडवं बसावं तर आतून कुणी मूठ आवळतं.

हाडांच्या डॉक्टरने पडद्यावर दाखवलं:
सांध्यातलं पाणी मागे उतरतं,
परतायला वाट नाही,
झडप एकाच बाजूला उघडते.
सुईने काढू, म्हणाला, पण पुन्हा भरेल.
मी हसलो. त्याला वाटलं, घाबरलो.

झडप मला ठाऊक आहे.
मीठबंदराखाली आगराची उघाडी आबाच्या ताब्यात होती.
पुनवेच्या भरतीला फळी उचलायची,
खाडी आत घ्यायची, फळी सोडायची.
आत आलेलं पाणी मग उन्हाचं.
वाफ्यावर वाकून बघू नको, म्हणायचा,
तुझ्या सावलीत मीठ धरत नाही.

सुनेने कोपरीला नेलं, डॉक्टर विभावरी कारखानीसांकडे.
अर्धा तास बाईंनी गुडघ्याचं नावही काढलं नाही.
तहान किती लागते?
ऊन सोसतं?
जेवताना वरून मीठ घेता?
घेतो. आगरी माणूस, विचारायचं काय त्यात.
कुणी समजूत काढली तर बरं वाटतं?

भिंतीवरच्या कालनिर्णयात एकादशी कधी आहे ते मी पाहिलं.

पत्नी गेल्या तेव्हा रडलात?
सेकंड शिफ्ट होती, म्हणालो.

बाई लिहीत राहिल्या.
मग पोटरीला टेप लावली, सदतीस,
आणि बजावलं, पोटरी अचानक सुजली, गरम लागली
तर माझ्याकडे नको, थेट सिव्हिलला.

पुड्या बांधणाऱ्या पोरीला विचारलं, कशाचं औषध गं हे?
मिठाचं, काका.
इतकं पातळ केलेलं की मीठ उरतच नाही.

साखरेच्या गोळीत मीठ,
तेही नसलेलं.
म्हणजे नुसती साखर, मुलगा म्हणाला. इंजिनियर आहे.
असेल.
तरी रोज सकाळी चार गोळ्या जिभेखाली ठेवतो
आणि खिडकीपासून जरा बाजूला बसतो.

तीन महिने झाले. टेप कधी साडेछत्तीस म्हणते,
कधी पुन्हा सदतीस.
लिंबू आवळ्याएवढं झालंय असं वाटतं,
वाटावंसं वाटतं म्हणूनही असेल.

परवा जेवताना मुलाने विचारलं,
आई गेली त्या रात्री तुम्ही कुठे होता, दादा?
वीस वर्षांत पहिल्यांदा.

उघाडीवर, म्हणालो.

मग म्हणालो, लेथवर. वागळे इस्टेटला, लेथवर होतो.
सुपरवायझर निरोप घेऊन आला तेव्हा
हातात अर्धा कापलेला शाफ्ट होता,
तो पुरा केला, मापाला लावून बघितला,
आणि मग निघालो.

मुलगा काही बोलला नाही.
सुनेने भात वाढला.
मी पाय लांब करून बसलो होतो,
लवण ठणकत होती, रोजच्यासारखी,
आणि मी त्याला शाफ्टचं माप सांगत होतो.