अंबो बंदर, बोट रद्द

सकाळी सातला खांबावरचा कर्णा खाकरतो
आणि एक बाई आवाज न चढवता सांगते
की वाऱ्यामुळे आज बोट येणार नाही.
दोनदा सांगते.
मग एका हरवलेल्या कुत्र्याचं वर्णन:
तपकिरी, उजवा कान पडका, हाकेला ओ देत नाही.
मग काहीच नाही.
नदी समुद्रात शिरते तिथे फक्त
पाण्याचे दोन रंग एकमेकांना ढोसत राहतात.

मी आले होते वरचं जंगल बघायला.
वरच्या रस्त्यावर दरड.
म्हणून धक्का, म्हणून बर्फाच्या कारखान्याचा आडोसा,
म्हणून इवागावा म्हातारा, उलट्या क्रेटवर,
डाव्या हाताला साडेतीन बोटं.
तेरा वर्षं त्यानं ओंडक्यांची गाडी
डोंगरावरून खाली आणली इथवर.
ब्रेक म्हणजे एक लाकडी दांडा
आणि त्यावर टाकलेलं स्वतःचं वजन.

"त्या झाडाला सुगी म्हणतात," तो म्हणाला.
मला हसू आलं, मग सांगावं लागलं
माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत
की आमच्याकडे सुगी म्हणजे पीक हाती येण्याचे दिवस,
खळ्यावर रास, अंगभर कुसं.
तो जरा वेळ समुद्राकडे बघत राहिला.
"मग बरोबरच आहे की. कापायचं काम आमचं.
पेरलं कुणी, तेवढं माहीत नव्हतं."

वय कसं मोजायचात?
"बाहेरून आत. वळ्यावळ्यावर बोट टेकवत.
अडीचशे, तीनशे, चारशे, मग पोकळी लागते.
जुनं झाड आतून रिकामंच असतं.
तिथून पुढचा आकडा कचेरीतला माणूस घालायचा,
त्याला जेवणाची किती घाई आहे
त्यावर."

रात्री त्याच्याच माडीवर मुक्काम.
मी पैसे दिले होते फक्त झोपण्याचे,
पण किनुएबाईंनी खाली बोलावलं.
तीन ताटं. उडता मासा अख्खा तळलेला,
पंख काड्यांनी उघडे टाचलेले,
जणू डोळा चुकवून उठेल आणि जाईल.
माझ्या ताटाशेजारी लाल लाखेच्या काड्या,
टोकाला रंग उडालेल्या.
बाईंनी त्या हळूच उचलल्या, पुसलेल्याच परत पुसल्या,
खणात ठेवल्या
आणि माझ्यासमोर कागदी पाकिटातल्या नव्या ठेवल्या.
"खा. उद्यापर्यंत टिकणार नाही हा."

ओसाकाहून लेक यायची होती. चिसातो.
चार वर्षांनी.
हे मला कुणी सांगितलं नाही तसं,
म्हातारा माशाचा काटा काढता काढता
वाऱ्याला शिवी देताना बोलून गेला.
मी पंखांसकट खाल्ला. कुरकुरीत होता,
आणि घशाखाली उतरताना
दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडल्यासारखं वाटत होतं.

माडीवरच्या खांबावर पेन्सिलीच्या रेघा,
शेजारी तारखा.
खालून वर बोट टेकवत गेले,
गुडघा, कंबर, एका वर्षात चार बोटं,
पुढच्यात एकच.
शेवटची रेघ माझ्या कानाशी.
तिच्यावर खांब तसाच, कोरा, छतापर्यंत.
पाऊस पत्र्यावर. उशीला लाकडाचा वास.

सकाळी सातला कर्णा खाकरला.
बोट येणार, दोनदा.
कुत्र्याबद्दल अवाक्षर नाही.

धक्क्यावर म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून,
हात खिशात, म्हणजे तो डावा.
किनुएबाई आल्या नव्हत्या. तेल तापवत असतील.
चढणाऱ्यांची रांग थांबवून आधी उतरणाऱ्यांना सोडलं.
मी बॅग खाली ठेवली
आणि शिडीवरून येणारी प्रत्येक बाई
जवळून जाताना कानाशी लावून पाहिली.

तिघी होत्या तेवढ्या उंचीच्या.
एकीच्या हातात केकचा खोका,
एक फोनवर,
एक पायरीवर थांबून
उगाचच डोंगराकडे बघत असलेली.
मागून कुणी तरी म्हणालं, चला, चला.