जरासा लांबट

सहा इंचांचा आरसा मी अकरा महिने घासला
तेलाच्या रिकाम्या पिंपाभोवती गोल फिरत,
शेवटी शेवटी तर राळेवर, लाल पुडीने,
नुसत्या तळव्याच्या वजनाने.
वाटायचं, अजून एक दिवस, मग सगळं लख्ख.

तसं होत नाही.
तारा ठिपका होऊन येतच नाही,
बारीक चकती येते, भोवती फिकट कडं.
काचेचा दोष नाही. हाताचाही नाही.
मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभं राहून बघा:
बाहेरून लाटा येतात सरळ, ओळीने,
दोन बांधांमधल्या फटीतून आत शिरल्या
की पंख्यासारख्या पसरतात,
फट जितकी अरुंद, पसारा तितका मोठा.
पार कोपऱ्यात बांधलेली होडीसुद्धा डुलते.
उजेड माझ्या नळीत शिरतो तो असाच.
तोंड रुंद करा, एवढाच उपाय.
पुसून, घासून, डोळे ताणून भागत नाही.

स्वातीच्या खाली, भूतपात, एक तारा आहे.
यादीत तो दोन. माझ्याकडे एक.

चैत्रातल्या अवसेला खातूनबी होडेकर सडा चढून आल्या,
चपला हातात, दम लागलेला.
बशीर आणि लतीफ वेगळे झाले त्याला दोन हंगाम झाले:
दोन बोटी, दोन चुली, बर्फाची दोन बिलं.
पहाटे दोघंही गेलेले,
आणि पावसच्या अंगाला, सात मैल आत, दिवा एकच.
"दुसरा कुठंय?" एवढंच म्हणाल्या.

नळी आकाशातून खाली आणली.
माझ्या दुर्बिणीत जग उलटं असतं,
समुद्र वर, दिवे त्याला लोंबकळलेले.
दोन.
पांढरा तो लतीफचा नवा एलईडी,
पिवळा बशीरचा जुना बल्ब.
मध्ये फार तर आठ हात.

आठ हात म्हणजे, खातूनबी,
काठाला काठ लावून बांधल्यात.

त्यांनी डोळा लावला तो काढेचनात.
मग विचारलं, "दोघं एकाच बोटीवर बसलेत काय?"

आता काय सांगू.
आरशाची हद्द अजून लांब होती,
पण तिच्या आधीच हवा आडवी येते,
समुद्रावरची, उकळत्या पेजेसारखी,
शिवाय अंधार.
"तेवढं नाही दिसत," म्हटलं.
"बरं," म्हणाल्या,
आणि चपला घालायच्या विसरून उतरून गेल्या.

मध्यरात्रीनंतर वारा पडला.
नळी पुन्हा भूतपाकडे वळवली, सवयीने.
कितीतरी वेळ एकच.
मग हवा क्षणभर थांबली तेव्हा,
वहीत लिहिलंय, वेळ दोन दहा:
एकच. पण गोल नाही.
जरासा लांबट.