थोडं कमी दुःख

आम्ही पडद्याकडे पाठ करून बसतो.
पडदा फक्त येव्तिमसमोर, त्याच्या छडीच्या पलीकडे.
आमच्या वाट्याला कागद, कागदावर एक आकडा,
आणि कानात टिकटिक,
कुणाच्या तरी घरचं घड्याळ उसनं आणल्यासारखी.

स्कोप्येत सप्टेंबर होता.
गल्लोगल्ली लोक लाल मिरच्या भाजत होते.
स्टुडिओचं दार उघडलं की धूर आत यायचा
आणि ध्वनिमुद्रक धावत जाऊन दार लावायचा,
जणू धुराचाही आवाज होतो.

माझं वाद्य व्हायोला.
व्हायोलिनची थोरली बहीण म्हणा,
लग्नाच्या फोटोत जिला मागे उभं करतात.

बाबांना त्या सकाळी इस्पितळात नेलं होतं.
फोन बंद करून पेटीत ठेवला, राळेच्या खड्याशेजारी.
तेहतीस ते एकेचाळीस,
स्वरलिपीतली ती नऊ घरं एकट्या माझी, बाकी सगळे गप्प.
कोण मरतंय, मुळात मरतंय का,
कागदावर असलं काही लिहिलेलं नसतं.
मी स्पासे नावाच्या एका बसचालकासाठी वाजवलं,
ज्यानं चाळीस वर्षं पाच नंबरची बस चालवली
आणि एकदाही हॉर्न वाजवला नाही,
असं तो सांगतो.

हेडफोनमधून आवाज आला, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा शहरातून.
तिथे अजून पहाट असावी, माणूस जांभई आवरत होता.
"सुंदर. फारच सुंदर.
पुन्हा एकदा घेऊ या?
थोडं कमी दुःख."

रोद्नानं शेजारी बसून सुरात नाक शिंकरलं.
कमी म्हणजे किती? चमचाभर? चिमूटभर?
रश्शात मीठ जास्त झालं तर बटाटा टाकतात,
इथे काय टाकायचं?
मी गजावरचं बोट सैल केलं
आणि बाबांना मेलेलं समजायचं थांबवलं,
निदान नऊ घरांपुरतं.
"हेच," तो म्हणाला. "पुढे."

सिनेमा आला तोवर बर्फ पडून वितळूनही गेला होता.
बाबा माझ्या शेजारी. हो, तेच.
गोळ्यांची डबी आणि चार नव्या तक्रारी घेऊन घरी परतलेले,
भोपळ्याच्या बिया सोलत मोठ्यानं विचारत होते,
"यात तू कुठली?"
"मी दिसत नाही, बाबा."
"मग तिकीट कशाला काढलंस?"

पडद्यावर माणसं मेली, दोन-तीन, ढोलांच्या गजरात.
माझी नऊ घरं आली नाहीत.
कापली असतील. कापतात.

मग एक स्वयंपाकघर. सातेक वर्षांचा मुलगा, एकटा,
आयुष्यातलं पहिलं अंडं फोडतो.
टरफल तव्यात पडतं,
तो बोटानं काढायला जातो, चटका बसतो, बोट तोंडात.
एवढंच.
आणि त्याच्याखाली मी.

आधी माझा श्वास, गज टेकण्यापूर्वीचा;
तो त्यांनी पुसला नव्हता.
त्या श्वासावरूनच ओळखलं,
हा पहिला होता, जास्त मिठाचा.
इस्पितळाचा जिना, बंद फोन, पाच नंबरची बस,
सगळं त्या तव्याखाली मंद आचेवर,
आणि अख्खं थिएटर एका अंड्यासाठी रडत होतं.

बियांची कुडकुड थांबली होती.
बाबांनी बाहीनं डोळे पुसले, वैतागून,
काचेवरचं धुकं पुसावं तसे.
"तुझी आई आठवली," ते पुटपुटले,
"आणि तिला तर अंड्याचा वासही चालत नसे."

नावं वर सरकू लागली. माझं नव्हतं.
दिवे लागले, माणसं कोट चढवून निघाली,
बाबा उठेनात.
हात मांडीवर, नजर समोर,
शेवटची बस चालवणारा बसून राहतो तसे,
सगळे उतरेपर्यंत.