दाब

कुडचड्यात इनास मेस्तानं बॉनेट उघडलं
तर डिपस्टिक अर्धी वर आलेली,
जीभ दाखवावी तशी.

"टर्बो बसवलास, पण हिनं श्वास सोडायचा कुठून?"
पिस्टनच्या कडेनं निसटलेला धूर
तळात कोंडतो, मग सील शोधतो.

जुना व्हॉल्व्ह त्यानं फुंकून पाहिला. दोन्हीकडून वारा.
नवा आणला, एकाच दिशेचा. जाड नळी,
अ‍ॅल्युमिनियमचा डबा,
आत बायकोची तारेची घासणी.
"घरी बोलू नको."

रिवणच्या चढावर पूर्ण बूस्ट दिला.
डिपस्टिक जागच्या जागी.

महिन्यानं डबा उपडा केला:
चमचाभर तेल, दमटपणानं दुधाळ,
गार झालेल्या चहासारखं.
"हे एरवी तिनं गिळलं असतं,"
म्हणाला इनास,
आणि समोरच्या, भावाच्या गॅरेजकडे
न बघता हात पुसत राहिला.