फळीबरोबर

फळी घेऊन आले आहे. ही घरोघर फिरते.
वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या दारी द्यायची.
तुमच्या पुढचं दार कुवाबारांचं.
पेटीत सरकवून परत फिरू नका, हाक मारा.
ते शहाऐंशीचे आहेत. फळी हा नुसता बहाणा,
माणूस आज उठलाय ना, एवढंच बघायचं असतं.

जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी,
काचा महिन्यातून एकदा. वरून निळी जाळी ओढायची,
ओसावाचे कावळे आपल्याहून जास्त शिकलेले.
पिशवीवर नाव लिहायचं. हो, नाव.
पहिल्या वर्षी मी चिडले होते, ही काय चावडी?
आता कुणाच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं वाढली
ते मला बाहेरून दिसतं,
आणि मी त्या घरी उगाच मुळे देऊन येते.

मुळ्यांवरून आठवलं. एखाद्या सकाळी
तुमच्याही उंबऱ्याशी असतील. कुणी ठेवले, शोधू नका.
म्हणजे शोधा, पण विचारू नका.
मातीवरून कळतं: नदीकडची काळी,
देवराईकडची तांबूस, खडे असलेली.
आणि परतफेडीची घाई नको.
हिशेब मिटला
की मग येणंजाणं कशाच्या जोरावर?

बर्फ.
इथे एका रात्रीत कमरेएवढा पडतो.
आपल्या हद्दीपाशी थांबलात, तर शहरातले.
शेजाऱ्याचं सगळं अंगण उपसलंत,
तर तो बिचारा वर्षभर मान वर करणार नाही.
हद्दीच्या पुढे एक फावडं. एकच.
मला हे कुणी सांगितलं नव्हतं;
सासरे पहाटे काढायचे, मी काचेआडून मोजलं.

संध्याकाळी पाचला खांबावरचा कर्णा धून वाजवतो,
मुलांनी घरी परतावं म्हणून.
शाळा बंद पडली त्याला सहा वर्षं झाली,
कर्णा बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही.
परवा धून संपता संपता तुमची लेक धावत घरी आली,
एक बूट हातात.
गल्लीतल्या नऊ खिडक्यांचे पडदे हलले.
पाळत म्हणाल, तर पाळतच ती.

तुमच्या घराला सगळे शिझुएचं घर म्हणतील.
घर विकत घेतलंत, नाव नाही. रागावू नका.
एकेचाळीस वर्षांपूर्वी मी समुद्राकडून इथे नांदायला आले,
अजून समुद्राकडची सूनच आहे.
सासू गेली, नवरा गेला, ज्याची सून होते ते घरही
अर्धं मिटलंय; नाव मात्र ठणठणीत.
पूर्वी टोचायचं.
आता त्या नावानं हाक मारणारे चारपाचच उरले,
तर वाटतं, मारा रे अजून.

शिझुएला मुलानं सेंदाईला नेलं, गेल्या मार्चात.
गाडीत बसताना बोलली नाही काही,
परसातल्या काकीच्या झाडाकडे नुसतं बोट केलं.
तेव्हा ते खराट्यासारखं उघडं होतं.
ऑक्टोबरअखेर भगवं होईल. फळं कच्ची चाखू नका,
तोंड आवळून येतं. सोलून दोरीला बांधायची,
वळचणीखाली टांगायची, थंडी त्यांना गोड करते.
झाडावर तशीच राहिली तर अस्वल उतरतं,
गेल्या साली उतरलं. पण शेंड्यावरचं एक ठेवा.
का ते मलाही ठाऊक नाही. शिझुए ठेवायची.

शिक्का नसेल तर सही चालेल.
हा बघा तुमचा चौकोन. तिचं नाव आहे खरं,
वर्षभर मी तो तसाच फिरवत होते.
खोडू नका. खाली लिहा, बारीक अक्षरात,
जागा आहे.

चला, कुवाबारा दाराआड येऊन उभे असतील.
दोनदा हाक मारा.
पहिली त्यांना ऐकू येते,
दुसरी हवी असते.