संकेश्वरीचं माहेर

वडगावच्या किराणा दुकानात, काट्यावर
यांनी पाठपिशवी ठेवली.
सात किलो दोनशे.
दुकानदार म्हणाला, भावकाण्णा, आणि काय घालू?
हे म्हणाले, घालायचं नाही रे, काढायचंय.

दोनशे ग्रॅम म्हणजे माझा तांब्या.
परत फळीवर ठेवला.

उद्यमबागेत बत्तीस वर्षं साचे केले यांनी.
मिलिमीटरचा माणूस.
मी टेलिफोन एक्स्चेंजात,
तीन भाषांत दिवसभर एकच वाक्य: थांबा, जोडते.
कुठं कुठं जोडून दिलं लोकांना!
मी स्वतः गेले ती हुबळीच्या दवाखान्यापर्यंत.

मग पिशवीत पाच किलो तांदूळ भरून
दर रविवारी येळ्ळूरचा गड चढायला लागलो.
शेळ्या राखणारी बाई विचारायची,
वर कुणाचं लगीन हाय काय गा?

कंग्राळीचा प्लॉट विकला.
सुनेला फोनवर एवढंच सांगितलं, समुद्राकडं जायलोय.
तिला वाटलं कारवार.

मेक्सिकोतही सूर्य पाण्यातच बुडतो.
पण तो बुडताना
आमच्या गल्लीत दूधवाला घंटी मारत असणार,
हे मला रोज संध्याकाळी आठवायचं.

खोलीपेक्षा झोळी स्वस्त.
झावळ्यांच्या छपराखाली दोन झोळ्या,
यांनी आधी गाठी तपासल्या, मग मला बसू दिलं.
बासष्टाव्या वर्षी झोळीत,
आणि झोका द्यायला कुणी नाही.
मी पाय लांबवून यांची झोळी ढकलली.
थोड्या वेळानं तिकडून माझी हलली.

एकदा भांडलोही.
वीस पेसो वाचवायला यांनी उन्हात चार किलोमीटर चालवलं.
मी दुसऱ्या दिवसापर्यंत बोलले नाही.
तिसऱ्या कुणाशी बोलायची सोयच नव्हती,
म्हणून मिटलं.

मासेवालीला हे गडबडीत म्हणाले, एष्टु?
तिनं हसून बोटं दाखवली.
कुठल्या भाषेत विचारलंस, असं नाही विचारलं.
दुकानांवरच्या पाट्या वाचता येत नव्हत्या.
किती हलकं वाटलं मला, कुणाला सांगू!
आमच्या गल्लीची पाटी तीनदा रंगलेली मी पाहिलीय,
एकदा तर रात्री, कंदिलाच्या उजेडात.
आप्पांच्या सदऱ्यावर पडलेला काळा डाग
आईनं शेवटपर्यंत घासून काढला नाही.

आणि एका गावच्या बाजारात
पोत्यावर मिरच्यांची रास.
सुरकुतलेली, काळपट लाल,
नाकाशी नेली आणि सणसणून शिंकले.
म्हातारी विक्रेतीण खदखदून हसली.
ह्यांनाच कधी काळी जहाजात घातलं असेल.
गोव्याच्या बंदरात उतरून
कुणाच्या तरी गोणीतून चोर्ल्याचा घाट चढल्या,
संकेश्वरला नांदायला आल्या
आणि गावाचं नाव लावून बसल्या.
मी म्हातारीला हातवारे करून सांगायला गेले,
तुमची लेक आमच्याकडं दिलीय.
तिला वाटलं, मी घासाघीस करायलेय.
तिनं मूठभर जास्त घातल्या.

परत येऊन आता दीड महिना झाला.
पिशवीतून हे रताळी आणतात,
आणि कळत नकळत दुकानाच्या काट्यावर ठेवतात.
तांब्या फळीवरून खाली आलाय.
घोट्याची सूज अजून उतरायची आहे.

शुक्रवारी संकेश्वरला गेलो होतो, वर्षाची मिरची घ्यायला.
बाई तागडीत टाकत होती,
मी रांगेतल्या लोकांकडं पाठ केली,
राशीतली एक उचलली, देठाला धरून,
आणि हळूच सांगितलं तिला:
तिकडं सगळी बरी आहेत.